वूफर वाजावा, पण शब्द बुडू नयेत



आपल्या वस्त्यांतून आता घरोघरी भिंतीवर पातळ टीव्ही लागले आहेत आणि टीव्हीच्या खाली, नाहीतर कोपऱ्यात, एक काळा चौकोनी डबा येऊन बसला आहे. कुणी त्याला वूफर म्हणते, कुणी बास म्हणते, कुणी सगळ्या संचालाच होम थिएटर म्हणून मोकळे होते. या डब्याचे खरे नाव सबवूफर. बोनसच्या पैशातून, भिशीतून, नाहीतर हप्त्याने ही वस्तू घरात येते. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी घटकाभर चांगले गाणे ऐकावे, रविवारी मुलाबाळांसह चित्रपट पाहावा, यात वावगे काहीच नाही. चांगला आवाज ही काही बंगल्यात राहणाऱ्यांचीच मिरास नव्हे.

पण या डब्याबद्दल दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. ज्याच्या घरात तो आहे तो म्हणतो, “आवाज मोठा झाला, पण गाण्यातले बोल कळत नाहीत.” आणि भिंतीपलीकडचा म्हणतो, “आमच्या फडताळातली भांडी वाजतात.” या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते बहुतेक वेळा यंत्राच्या किमतीत नसते. डबा कुठे ठेवला आणि त्याची बटणे कशी लावली, यात ते असते. ते दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही. म्हणून आज या विषयावर आम्ही लिहीत आहोत.

बास म्हणजे काय?

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपने होतात ते मोजण्याचे माप. आकडा लहान तितका आवाज खर्जातला. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा त्याहून वर. पण बोलणे समजते ते निव्वळ सुरावर नाही. क, त, स, श अशा व्यंजनांची खूण २,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर असते. ती कानावर आली नाही तर ‘माणूस’ म्हटले की ‘पाऊस’, हे कळत नाही.

ढोलकीची घुमणारी बाजू, ढोलाचा ठोका, चित्रपटातला स्फोट किंवा ढगांचा गडगडाट हे सगळे खालच्या अंगाचे आवाज. पातळ टीव्हीतले स्पीकर लहान असतात. त्यांना हा खालचा आवाज काढता येत नाही, कारण त्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. सूर निम्म्याने खाली उतरला, तर तेवढाच मोठा आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे व्हावे लागते. लहान पडद्याची ती ताकद नाही. म्हणून मोठा पडदा, मोठी पेटी आणि स्वतंत्र ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर लागतो. त्याचे काम एवढेच की जे लहान स्पीकरला जमत नाही ते खालचे ओझे उचलावे.

ही कल्पना चित्रपटगृहांतून लोकप्रिय झाली. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाचा भूकंपावरचा अमेरिकन चित्रपट आला. त्यासाठी थिएटरांत खास मोठे वूफर बसवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हादरवल्या होत्या. हॉलीवूडच्या एका नामांकित थिएटरात तर छताचा गिलावा प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली. पुढे १९९० च्या दशकात डिजिटल आवाज आला, त्यात पाच वाहिन्या बाजूच्या स्पीकरांसाठी आणि एक वेगळी वाहिनी फक्त खोल आवाजासाठी. खोक्यावर ‘५.१’ असे छापलेले असते त्यातला शेवटचा ‘१’ म्हणजे हा सबवूफर. पाच स्पीकर बोलतात, एक टेका देतो. हे प्रमाण लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

आपली खोली आणि आपली भिंत

आता आपल्या घराकडे वळू. परदेशी पुस्तकांत ऐकण्याची खोली म्हणून जी दाखवलेली असते, तीत आपली दोन बिऱ्हाडे मावतील. मुंबईच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या इमारतींत आधी २२५ चौरस फूट मिळत, मग २६९, त्यानंतर ३००. त्यातच स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, पाहुणे. तेव्हा दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत बास कसा वागतो, ते आपल्याला कळले पाहिजे.

आवाज लाटांनी जातो. ३,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जेमतेम साडेचार इंचांची. ५० हर्ट्झच्या बासची एक लाट सुमारे २२ फुटांची. म्हणजे ती आपल्या खोलीत पुरती मावतही नाही. ती भिंतीवर आपटते, मागे फिरते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते. दहा फुटांच्या अंतरात साधारण ५६ हर्ट्झचा सूर असा अडकून फुगतो. खोली दहा बाय दहा असेल आणि छतही दहा फुटांवर असेल, तर तिन्ही बाजूंनी तोच एक सूर फुगतो. मग कुठलेही गाणे लावा, एकच ‘घूंऽऽ’ ऐकू येते. यंत्र बिघडले असे वाटते, पण तो खोलीचा आवाज असतो.

यातली मुख्य गोष्ट अशी. हा फुगलेला बास भिंतीशी आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो आणि खोलीच्या मधोमध सर्वांत कमी. घरधनी बसतो मधोमध चटईवर. त्याला बास कमी वाटतो, म्हणून तो बटण वाढवतो. इकडे भिंतीवर त्याचा जोर वाढतच जातो. भिंत बहुतेक साडेचार इंची विटेची, नाहीतर पत्र्याची. अशी भिंत वरचे आवाज बरेच अडवते, पण आवाज जितका खालचा तितकी ती कमी उपयोगी. म्हणून शेजाऱ्याला आपल्या गाण्यातला एकही शब्द ऐकू जात नाही, नुसते ‘धम धम धम’ जाते. गाण्याचा आनंद आपल्यालाही पुरता नाही आणि त्रास मात्र शेजाऱ्याला सगळा. यात कुणाचाच दुष्टपणा नसतो, चूक असते ती जागेची.

जागा कशी शोधावी?

दुकानातला पोरगा डबा कोपऱ्यात ठेवून जातो, कारण कोपऱ्यात बास सर्वांत मोठा वाटतो आणि गिऱ्हाईक खूश होते. आपण मात्र पुढीलप्रमाणे करून पाहावे.

१) आपण जिथे बसून ऐकतो त्या जागी सबवूफर ठेवावा. आपल्याला पाठ असलेले, एकसारखा ठेका असलेले गाणे लावावे. मग भिंतीच्या कडेकडेने खाली बसून किंवा वाकून ऐकत फिरावे. कुठे घुमेल, कुठे बास नाहीसाच होईल. एखाद्या ठिकाणी ढोलकीची प्रत्येक थाप सुटी आणि सारखी ऐकू येईल. तीच डब्याची जागा. अर्धा फूट इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो. लहान मुलांना या कामात घ्यावे, त्यांचे कान तिखट असतात आणि त्यांना त्यात मौजही वाटते.

२) साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही. त्यामुळे डबा टीव्हीजवळच असला पाहिजे असे नाही. बाजूच्या भिंतीजवळ, कपाटाशेजारी कुठेही चालेल. शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला टेकवून मात्र ठेवू नये. बाहेरच्या भिंतीची बाजू असेल तर ती बरी.

३) डब्याला मागे किंवा बाजूला गोल भोक असते. तिथून हवा आतबाहेर होते. ते भिंतीपासून निदान पाच-सहा इंच दूर असावे. त्यावर पडदा, गोधडी, दप्तर येऊ देऊ नये.

४) डबा थेट फरशीवर असेल तर कंप खालच्या मजल्यावर उतरतो. पायांखाली जाड रबराचे तुकडे किंवा घट्ट फोम द्यावा. याने हवेतून जाणारा बास थांबत नाही, हे खरे, पण फरशीतून आणि कपाटातून जाणारी थरथर कमी होते. डब्यावर भांडी, फोटोची चौकट, फुलदाणी ठेवू नये. बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेची काच वाजत असेल, तर चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे चिकटवावेत.

५) उघड्या फरशीची आणि पत्र्याची खोली फार खणखणते. खिडकीला जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, भिंतीशी गाद्यांची चळत असली की वरचा खणखणाट बसतो आणि बोल स्वच्छ होतात. बासवर सतरंजीचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्यासाठी जागा बदलणे हाच उपाय.

बटणांचा हिशेब

चांगल्या संचावर तीन गोष्टी असतात. पहिली, बास कुठल्या आकड्याखाली सबवूफरकडे सोपवायचा ते ठरवणारे बटण. त्यावर ‘क्रॉसओव्हर’ असे लिहिलेले असते. बाजूचे स्पीकर बऱ्यापैकी मोठे असतील तर ८० पासून सुरुवात करावी. अगदी लहान असतील तर १२० किंवा १५० पर्यंत जावे लागते. मात्र हे बटण जितके वर न्याल तितका माणसाचा आवाजही डब्यात जाऊ लागतो आणि गायक मडक्यात तोंड घालून गातो आहे असे वाटते.

दुसरी गोष्ट ‘फेज’, म्हणजे ० आणि १८० अशी खटकी. एकाने आपल्या जागी बसावे, दुसऱ्याने खटकी इकडून तिकडे करावी. ज्या बाजूला बास भरलेला वाटतो ती बाजू ठेवावी. चुकीच्या बाजूला सबवूफर आणि स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि दोघांचीही मेहनत वाया जाते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सबवूफरचा स्वतःचा आवाज. तो शून्यावर आणावा, पाठ असलेले गाणे लावावे आणि हळूहळू वाढवावा. ‘आता डबा वाजतोय’ असे जाणवले की तिथून थोडे मागे यावे. परीक्षा अशी की डबा चालू असताना त्याची आठवण होऊ नये आणि बंद केला की काहीतरी हरवले असे वाटावे. स्वस्त संचात क्रॉसओव्हर आणि फेज नसतात, पण हे एक बटण बहुधा असतेच. ते एकटे नीट लावले तरी पुष्कळ फरक पडतो.

नवीन घेणार असाल तर खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅटचा जो आकडा छापतात त्याला काही ठरलेले मोजमाप नाही. ‘आरएमएस’ वॅट विचारावेत. आणि यंत्राच्या मागच्या पट्टीवर ते किती वॅट वीज घेते ते वाचावे. जे यंत्र विजेच्या तारेतून ६० वॅट घेते, ते सतत २,००० वॅटचा आवाज देईल कसे? दहा बाय बाराच्या खोलीला साडेसहा किंवा आठ इंचाचा वूफर पुरे होतो. बारा इंचाचा घेऊन हप्ते फेडत बसण्यात शहाणपण नाही. त्याच पैशात मुलांची पुस्तके येतील.

आपले गाणे शब्दांवर उभे आहे

आता आमच्या मनातली गोष्ट सांगतो. नुसत्या नाचाच्या गाण्यात शब्द बुडाले तर फारसे बिघडत नाही. आपल्या गाण्याचे तसे नाही. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव फिरले, शाहीर विठ्ठल उमप (१९३१-२०१०) डफावर थाप मारून उभे राहिले, ते लोकांना बाबासाहेबांचा विचार समजावा म्हणून. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या आपल्या आज्या-पणज्यांनी आपला इतिहास या गाण्यांतूनच पाठ केला. त्या काळी वीज नव्हती, माईक नव्हता. ढोलकी, हार्मोनियम, तुणतुणे एवढ्यावर रात्र जागत होती आणि मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द कळत होता. वाद्य गायकाच्या मागे चालत होते.

खालचा आवाज फार मोठा झाला की तो वरच्या आवाजाला झाकतो, हा कानाचा धर्मच आहे. म्हणून बास वाढला की पहिला बळी शब्दाचा जातो. भीमगीताचे शब्द गेले तर उरते काय? नुसता ठेका. तो तर कुठल्याही गाण्यात मिळतो.

बुद्धवंदना, त्रिसरण-पंचशील, परित्राण पाठ लावताना सबवूफर बंदच ठेवावा. पालीचे प्रत्येक अक्षर मुलांच्या कानावर स्वच्छ पडले पाहिजे, म्हणजे त्यांचे उच्चार सुधारतात. जुन्या ध्वनिमुद्रणांचेही तेच. १९५५ साली बीबीसीने बाबासाहेबांची मुलाखत घेतली होती, ती आज मोबाईलवरही ऐकता येते. अशा जुन्या बोलण्याच्या मुद्रणात खोल बास नसतोच. वूफर वाढवला तर फक्त घरघर वाढते. बास कमी करून ऐका. ज्या महामानवाला आपण प्रतिमेत पाहतो त्याचा प्रत्यक्ष आवाज कानावर पडतो, त्या क्षणी डब्याची धमक कशाला हवी?

चित्रपटासाठी मात्र सबवूफरचा जरूर उपयोग करावा. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) भीमजयंतीचा प्रसंग आहे. तिथे वाद्यांचा खोल ठोका छातीत जाणवला पाहिजे. पण त्याच चित्रपटात मुले आपल्या आयुष्याबद्दल बोलतात, तिथला एकही शब्द सुटता कामा नये. दोन्ही जमले तर आपला संच बरोबर लागला असे समजावे.

भिंतीपलीकडचे लेकरू

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. घरातल्या खासगी यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असेही त्यात म्हटले आहे.

यावर आपले तरुण विचारतात, “इतरांच्या सणांत दहा-दहा दिवस भिंती हादरतात, तेव्हा नियम कुठे जातो? आमच्याच जयंतीला का आठवतो?” प्रश्न रास्त आहे. कायदा सर्वांना सारखा लागला पाहिजे आणि तो लागत नसेल तर लेखी अर्ज देऊन, सनदशीर मार्गाने तसा आग्रह धरलाच पाहिजे. पण घरातल्या वूफरचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. आपल्या भिंतीपलीकडे बहुतेक वेळा आपलाच माणूस राहतो. रात्रपाळी करून आलेला असतो, आजारी म्हातारी असते, दहावीची मुलगी असते, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा असतो. त्याच्यावर बास सोडून आपण कुठल्या अन्यायाचा बदला घेतो?

बाबासाहेब परळच्या चाळीत राहून शिकले, तेही असेच एका खोलीत. माणसांची गर्दी असायची, म्हणून ते लवकर झोपत. सुभेदार रामजीबाबा स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवीत, कारण तेव्हा चाळ शांत असे. त्या शांततेत आपल्या साऱ्या समाजाचे भवितव्य घडत होते, याची शेजाऱ्यांना कल्पना नसेल. आज आपल्या शेजारी कोण अभ्यास करीत बसले आहे, याची आपल्याला तरी कुठे कल्पना असते?

म्हणून आमची सूचना अशी. एकदा शेजाऱ्यांच्या घरी जाऊन आपलाच वूफर तिथून ऐकावा. “ताई, किती ऐकू येतो?” असे विचारावे आणि घरातल्या मुलाला बटण हळूहळू कमी करायला सांगावे. जिथे त्यांना त्रास वाटेनासा होतो तिथे बटणावर पेनाने खूण करावी. ती आपल्या घराची मर्यादा. रात्री दहानंतर सबवूफर बंद आणि फक्त लहान स्पीकर चालू. यंत्रात ‘नाईट’ अशी सोय असेल तर ती वापरावी, तिने स्फोट दबतात आणि बोलणे वर येते. परीक्षेच्या दिवसांत चाळीने मिळून वेळ ठरवून घ्यावी. त्यासाठी पोलीस यावे लागू नयेत.

तथागतांच्या काळी सोण नावाचा भिक्खू होता. तो अतिकष्टाने साधना करून थकला आणि निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. तेव्हा भगवंतांनी त्याला प्रयत्नाचेही तसेच असते, हे समजावून दिले. मध्यम मार्ग समजावायला त्यांनी वाद्याचेच उदाहरण घ्यावे, हे किती बोलके आहे!

येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून तासभर काढावा. डबा कोपऱ्यातून बाहेर ओढावा, जागा शोधावी, बटण लावावे आणि घरातल्या सर्वांत वृद्ध आजीला समोर बसवून एक भीमगीत लावावे. तिला प्रत्येक शब्द कळला आणि शेजारच्या घरातले भांडे वाजले नाही, तर काम फत्ते झाले असे समजावे.

जयभीम!